डहाणूच्या बाजारांतील एक अधोली

प्रवासास निघालेल्या सुशिक्षित मनुष्यास हल्लीं एक नवा छंद जडला आहे. पूर्वीं तो परगांवीं गेला म्हणजे देऊळ पाही, किल्ला पाही, आणि येतांना मुलांकरितां तेथला खाऊ घेऊन येई. आतां तो उतरल्या दिवशींच तेथें जुन्या सामानाचा बाजार कोठें भरतो याची चौकशी करूं लागतो. आणि परततांना त्याच्या पिशवींत कोणा अनोळखी कुटुंबाचा पितळी पानाचा डबा, बंद पडलेलें घड्याळ, किंवा कांच तडकलेला कंदील असतो. पॅरिस शहराच्या वेशीबाहेर चिंध्या व मोडकें सामान विकणाऱ्यांचा जो बाजार १८८५ च्या सुमारास स्थिरावला, त्यास तेथील लोक ‘पिसवांचा बाजार’ म्हणूं लागले. जुन्या गाद्यांबरोबर पिसवाही गिऱ्हाइकाच्या घरीं जात, असें या नांवाचें मूळ सांगतात. इंग्रजांनीं तें नांव जसेंच्या तसें उचललें. आपल्याकडे मुंबईचा चोरबाजार आहे, पुण्यास बुधवारीं व रविवारीं भरणारा जुना बाजार आहे. नांव कांहींही असो, मौज एकच: दुसऱ्यानें टाकलें तें आपणांस सांपडलें, आणि टाकलेल्या वस्तूच्या भावानें सांपडलें.

या छंदापासून आम्हीही मुक्त नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. परंतु ती वस्तु मुळांत टाकली गेली कां, ती कोणाच्या घरांतून आणि कोणत्या कारणानें बाहेर पडली, हें गिऱ्हाईक सहसा विचारीत नाहीं. आम्हीही विचारीत नसूं. डहाणूच्या बाजारांत घेतलेल्या एका अधोलीनें तो प्रश्न आम्हांस विचारावयास लावला, म्हणून हा लेखनप्रपंच.

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस डोंगर, आणि मधून मुंबईहून गुजराथेंत जाणारा लोहमार्ग. हा मार्ग १८६४ सालीं मुंबईपर्यंत पुरा झाला; मुंबईच्या लोकल गाड्या मात्र डहाणूरोडपर्यंत यावयास १६ एप्रिल २०१३ हा दिवस उजाडला. तलासरी हा तालुका तर एका वांटणीचें अपत्य आहे. १९६० सालीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हां जुन्या ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजराथेंत गेला, आणि इकडे राहिलेल्या गांवांचें तलासरी झालें. पुढें १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. किनाऱ्याकडे बोर्डी, घोलवड या गांवांतून चिकूच्या वाड्या व त्यांत पारशी-इराणी बागाईतदारांचे जुने बंगले. डोंगराकडे वारली लोकांचे पाडे. या दोन वस्तींमध्यें अंतर थोडें आहे, परंतु तें पायानें चालून कधीं संपलें नाहीं.

पुण्यासारखा निव्वळ जुन्या वस्तूंचा बाजार येथें भरत नाहीं. येथला बाजार म्हणजे आठवड्याचा बाजार. त्यांत सुकी मासळी, मिरची, मीठ, टोपल्या, प्लास्टिकच्या बादल्या, सवंग कापड आणि भ्रमणध्वनीचीं वेष्टनें हीं सारीं एका ओळींत मांडलेलीं असतात. मात्र बाजाराच्या अगदीं शेवटीं, जेथें माणसांची गर्दी संपून रिक्षांची सुरू होते, तेथें एखादा भंगारवाला ताडपत्री पसरून बसतो. त्याच्यापुढें सायकलीच्या सांखळ्या, नळाच्या तोट्या व कुलुपें यांच्या ढिगांतच चिनी मातीची झांकण हरवलेली बरणी, पितळी तराजूचें एकच पारडें, घंगाळाच्या कड्या असें कांहींबाहीं पडलेलें असतें. आम्ही ज्या दिवशीं गेलों त्या दिवशीं वारली बायका त्या ताडपत्रीपाशीं थांबत, ॲल्युमिनियमचें एखादें पातेलें उचलून त्याचा तळ उजेडाकडे धरून भोक आहे काय तें पाहत, आणि पुढें जात. कड्यांकडे व पारड्याकडे आमच्यावांचून कोणी पाहत नव्हतें. त्या ढिगाच्या बुडाशीं एक लांकडी माप होतें. एकाच ओंडक्यांतून कोरलेलें, वर आणि खालीं लोखंडी पट्टी ठोकलेली, आणि धान्याच्या घर्षणानें आंतून असें गुळगुळीत झालेलें कीं, हात घातला तर रेशमासारखें लागावें. विकणाऱ्यास तें कुंडी म्हणून विकावयाचें होतें. आम्हीं तें अधोली म्हणून घेतलें.

आमच्या पिढीस ही कोष्टकें पाठ करावीं लागलीं नाहींत. पण आमच्या आजोबांस तीं झोपेंतून उठवून विचारलीं तरी येत. दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. पायलीच्या पुढें मण, आणि वीस मणांची खंडी. मण मात्र किती पायल्यांचा, याविषयीं कोठें बारा सांगत, कोठें सोळा. आणि एका गांवचा शेर दुसऱ्या गांवच्या शेरास क्वचितच जुळे. मुंबई सरकारनें १९३२ सालीं वजनामापांचा कायदा करून मापांवर सरकारी छाप मारण्याची तजवीज केली. पुढें १९५६ च्या कायद्यानें देशभर दशमान पद्धति आली, आणि थोड्याच वर्षांत शेर-पायली व्यवहारांतून उठली. आमच्या अधोलीवर छाप नव्हता. म्हणजे एक तर ती त्या कायद्याच्या आधींची असावी, किंवा कायदा जेथें पोंचला नाहीं तेथली असावी.

अधोली हातांत घेऊन आम्ही चहाच्या दुकानाशीं टेकलों होतों. शेजारच्या बांकावर एक वृद्ध वारली गृहस्थ बसले होते. त्यांनीं तिच्याकडे बराच वेळ पाहिलें, आणि मग ही देण्याची कीं घेण्याची, असें विचारलें. आम्हांस प्रश्न समजला नाहीं. तेव्हां त्यांनीं समजावून सांगितलें कीं, त्यांच्या बापाच्या वेळीं शेटजीच्या ओटीवर अधोल्या दोन असत. पावसाळ्यांत भात उसनें देतांना एक काढीत, आणि सुगीस परत घेतांना दुसरी. दोन्ही दिसावयास सारख्या, पोटें निराळीं. एवढें बोलून ते उठून गेले. त्यांचें नांव विचारण्याचेंही भान आम्हांस राहिलें नाहीं.

हें एका वृद्धाचें बोलणें झालें, आणि तेंही बापाच्या तोंडून ऐकलेलें. तथापि ज्या व्यवहारांतून तें निघालें, त्याचा पुरावा कागदोपत्रीं आहे. भात लावून झालें कीं घरांतलें धान्य संपे. आषाढ-श्रावणाचे दिवस ढकलण्यासाठीं वारली कुळ जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून जें धान्य उचली, त्यास खावटी म्हणत. तें सुगीस दिढीनें, म्हणजे मणास दीड मण या दरानें, फेडावें लागे. खावटीच्या जोडीस लग्नाचें कर्ज. तें घेऊन जो गडी धनकोच्या घरीं राबावयास राही त्यास लग्नगडी हेंच नांव पडलें होतें. आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. शिवाय वेठ होतीच. मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारे सनदी अधिकारी सायमिंग्टन यांचा १९३९ सालचा अहवाल या सर्व गोष्टी सरकारी भाषेंत, आणि म्हणूनच अधिक भयंकर वाटाव्या अशा रीतीनें, सांगतो. त्याच वर्षीं मुंबई सरकारनें शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदाही केला. परंतु कायदा कागदावर असतो आणि अधोली ओटीवर असते. ज्यास अक्षर येत नाहीं त्याच्या कर्जाचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत व दुसऱ्याच्या मापांत असतो. वही खोटी आहे असें तो म्हणूं शकत नाहीं, कारण ती त्यास वाचतां येत नाहीं, आणि माप खोटें म्हणूं शकत नाहीं, कारण ताडून पाहावयास त्याच्यापाशीं दुसरें माप नाहीं.

२३ मे १९४५ रोजीं, आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी या गांवीं हजारों वारली जमले आणि यापुढें वेठ करणार नाहीं असें ठरवून उठले. त्या चळवळीची हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत स्वतः सांगितली आहे. ज्यांनीं तें वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. आमच्या विषयापुरती तींतील एकच गोष्ट घेतों. त्याच वर्षीं पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला, त्यांतील मागणी पांचशें पौंड गवतास अडीच रुपये अशी होती. ती मागणी जितकी मजुरीची, तितकीच मापाचीही आहे, असें आम्हांस ही अधोली हातीं आल्यावर वाटूं लागलें. पांचशें पौंड म्हणजे पांचशें पौंड. तें मालकाच्या डोळ्यानें ठरावयाचें नाहीं, कांट्यानें ठरावयाचें. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यांत पांच जण मारले गेले. १९४८ चा कुळकायदा व १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्यास जमिनीची मालकी देणारी त्याची दुरुस्ती यांनंतर ओटीवरच्या अधोल्यांचें काम हळूहळू संपलें. त्यांतली एखादी माळ्यावर गेली असेल, एखाद्या सुनेनें तींत तुळस लावली असेल, आणि घर पाडतांना किंवा विकतांना ती भंगारांत निघाली असेल.

येथें एक शंका सहज उद्भवते. डहाणू-तलासरींत बहुसंख्य वस्ती आदिवासींची. मग त्या ताडपत्रीवर त्यांच्या घरची जुनी वस्तु एकही कां नव्हती? उत्तर शोधावयास लांब जावें लागत नाहीं. वारल्याचें घर कुडाचें, भिंत शेणामातीची, कणगी बांबूची व शेणानें सारवलेली, तारपा दुध्या भोपळ्याचा व बांबूचा. यांतलें कांहींच शंभर वर्षें टिकण्यासाठीं केलेलें नसतें. ज्या चित्रकलेनें वारल्यांचें नांव देशांतरीं गेलें, तीही तशीच. लग्नघरांत सवाशिणी गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक लिहीत, त्यांत पालघट देवी बसवीत; आणि लग्न होऊन गेलें, पाऊस आला, भिंत पुन्हां सारवली गेली कीं तो चौक नाहींसा होई. त्याचें कोणास दुःख नसे, कारण पुढचें लग्न येणारच असे. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें हीं चित्रें कागदावर आलीं, आणि गंजाडजवळच्या पाड्यावरील जिव्या सोमा म्हसे यांनीं त्यांस भिंतीपासून वेगळें असें आयुष्य दिलें. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते वारले. म्हणून कोणी आपणांस शंभर वर्षांचें जुनें वारली चित्र दाखवूं लागला, तर वाचकांनीं त्याच्या धैर्याचें कौतुक करावें आणि पुढें चालावें.

टिकणाऱ्या अशा वस्तु वारल्यांपाशीं आहेत, परंतु त्या विकावयाच्या नव्हेत. कांहीं पाड्यांच्या सीमेवर वाघदेवाचा लांकडी किंवा दगडी खांब असतो. त्यावर चंद्र, सूर्य व वाघ कोरलेले असतात. शहरांतील दिवाणखान्यांत असा खांब उभा केलेला आम्हीं पाहिला आहे. घरधनी त्याच्या लांकडाची जात, त्याचें वय व त्याची किंमत सांगत होते. कोणत्या पाड्याचा तो वाघ, हें मात्र त्यांस सांगतां आलें नाहीं. आम्हांस तेव्हां त्यांचें हसूं आलें होतें. आतां अधोली विकत घेतल्यावर तें हसणें आमच्याच अंगावर आलें आहे.

वस्तूची जागा ठाऊक असली म्हणजे ती किती बोलते, याचें उदाहरण याच डहाणू तालुक्यांत आहे, म्हणून थोडें विषयान्तर करतों. १९५५ सालीं चिंचणी येथें जमिनींत कांहीं ताम्रपट सांपडले. तांब्याचे जुने पत्रे सांपडले कीं तांबटाकडे जावेत आणि वजनाच्या भावानें मोडले जावेत, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. असे किती राजे आपल्या घरच्या हंड्या-कळशांत मिसळून गेले असतील, हें सांगवत नाहीं. चिंचणीचे पट मात्र वांचले, आणि डी. सी. सरकार यांनीं ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा आहे. संजाणच्या मंडलावर तेव्हां मधुमति नांवाचा एक ताजिक, म्हणजे अरब अथवा मुसलमान, अधिकारी होता. मधुमति हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप, असें विद्वान् समजतात. या अधिकाऱ्याच्या अनुमतीनें एका देवीच्या मठिकेस जमीन दिल्याचा तो लेख आहे. त्यानें नदी ओलांडणाऱ्यांसाठीं फुकट नावा ठेविल्या होत्या, आणि संजाणास एक सत्र घातलें होतें; त्या सत्रांत साळीचा भात, कालवण व तूप हीं विनामूल्य मिळत, असें त्या तांब्यावर कोरलेलें आहे.

नावांची ही चाल तर याहूनही जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानें ज्या नद्यांवर फुकट नावा ठेविल्या त्यांच्या यादींत तापी, दमण यांच्याबरोबर दाहनुका हें नांव येतें. तीच ही डहाणूची खाडी. त्याच लेखांत नानंगोल गांवच्या बत्तीस हजार नारळींच्या दानाचा उल्लेख आहे, आणि नानंगोल म्हणजे संजाणजवळचें नारगोळ असें मानितात. जेथें पूर्वीं वाटसरूस नाव फुकट मिळे आणि भुकेल्यास साळीचा भात फुकट मिळे, त्याच प्रदेशांत हजार वर्षांनीं भाताची अधोली दिढीनें मोजली जात होती! दानपत्रें राजांचीच बाजू सांगतात, हें आम्ही विसरत नाहीं. त्या सत्रांत डोंगरांतले किती लोक जेवले, हें तांब्यावर कोरलेलें नाहीं.

तथापि मुद्दा असा कीं, तो पट चिंचणीस सांपडला हें ठाऊक असल्यामुळेंच संजाण, चिंचणी आणि भोंवतालचीं गांवें एकमेकांस जोडतां आलीं. तोच पट चोरबाजारांत एखाद्या कांचेच्या कपाटांत मिळाला असता, तर अक्षरें तीं असतीं, पण गांव हरवलें असतें. जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांवरील किंमतीचें निधान जिल्हाधिकाऱ्यास कळवावें असा कायदा १८७८ पासून आहे. शंभर वर्षांवरील कलावस्तु देशाबाहेर नेऊं नयेत आणि परवान्यावांचून पुरावस्तूंचा व्यापार करूं नये, असें १९७२ चा कायदा सांगतो. हे कायदे योग्यच आहेत. पण अधोलीसारख्या वस्तूस कोणता कायदा लागावा? ती पुरावस्तु म्हणावी तर तिचें वय सिद्ध होत नाहीं, कलावस्तु म्हणावी तर तींत कला नाहीं.

घरीं आल्यावर आमच्या मंडळींनीं एक सुचविलें: प्रश्न देण्याची कीं घेण्याची एवढाच असेल, तर मोजून पाहावें. घरांत सासूबाईंच्या वेळचें पितळी मापटें होतें. चार मापट्यांनीं अधोली भरावयास पाहिजे. तांदूळ घेऊन बसलों. चार मापटीं घातलीं तरी अधोली भरली नाहीं. आणखी दोन मुठी तांदूळ टाकले तेव्हां कांठास कांठ मिळाला. क्षणभर आम्हांस वाटलें कीं उत्तर मिळालें, ही घेण्याचीच. पण मग ध्यानांत आलें कीं मापटें आमचें, वाईकडचें. आणि वाईचा शेर डहाणूच्या शेरास कां जुळावा? दुसऱ्या अधोलीवांचून पहिलीचा गुन्हा शाबीत होत नाहीं. जिच्या ओटीवर ती होती तें घर कळलें असतें, तर कदाचित् त्या गांवांतलें दुसरें माप, एखादी जुनी वही, एखादें बोलतें माणूस सांपडतें. आम्हीं अधोली घेतली तेव्हां दहा मिनिटें घासाघीस केली, आणि हा एक प्रश्न विचारला नाहीं.

पुढच्या खेपेस आम्ही मुद्दाम त्याच बाजारीं गेलों. ताडपत्री त्याच जागीं होती. विकणाऱ्यास आम्ही आठवत होतों, कुंडी आठवत नव्हती. बरेंच विचारल्यावर तो म्हणाला कीं तसला माल दोन ठिकाणांहून आला होता: एक किनाऱ्याकडचा पाडलेला बंगला, आणि एक आंतल्या बाजूचें जुनें किराण्याचें दुकान. कुंडी कोणत्या गोणींत होती, तें त्यास सांगतां येईना. आम्हीं दोन्ही गांवांचीं नांवें, बाजाराची तारीख, दिलेली किंमत, आणि चहाच्या दुकानांतील वृद्धाचें वाक्य त्याच्याच शब्दांत, हें सर्व एका कागदावर लिहिलें, आणि तो कागद घडी करून अधोलींत ठेवला आहे.